बॅरोमीटर आणि हवामान खात्याचा आकडा जुळत नाही? आधी फरक किती ते बघा

मे संपत आला, पावसाचे वेध लागले की दर वर्षी माझ्याकडे एकच तक्रार येते. कधी ट्रेकच्या ग्रुपवरून, कधी निवृत्तीनंतर गच्चीवर हवामान केंद्र उभारून बसलेल्या एखाद्या काकांकडून. यंदाची तक्रार शेजारच्या बिल्डिंगमधल्या बारावीच्या मुलाची : "काका, हवेचा दाब हवामान खातं १००६ दाखवतंय आणि माझा सेन्सर ९४४. दुसरा मागवला, तोही ९४४च. दोन्ही खराब निघाले का?"

दोन वेगवेगळे सेन्सर एकच आकडा सांगतायत म्हटल्यावर खरं तर त्यांच्यावर विश्वास बसायला हवा होता. पण समोर सरकारी आकडा असला की आपण आधी आपल्याच यंत्राकडे संशयाने बघतो. मग कुणी स्क्रू फिरवतो, कुणी कोडमध्ये सरळ "अधिक ६२" लिहून मोकळा होतो. हे दुसरं तर फारच वाईट, कारण त्याने दुखणं बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं.

मी हल्ली यंत्राला हात लावण्याआधी दोनच गोष्टी विचारतो. फरक किती आहे, आणि तो दिवसभर तेवढाच राहतो का? दहांतल्या आठ वेळा दोष कुठे आहे ते यातच कळतं.

फरक साठ-पासष्ट हेक्टापास्कलचा असेल तर

(हेक्टापास्कल आणि मिलिबार एकच. जुनी पुस्तकं मिलिबार म्हणतात, आकडा तोच.)

हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. समुद्रकाठी एका चौरस मीटरवर ते दहा टनांच्या आसपास भरतं. पाऱ्याची नळी असो, पातळ पत्र्याची वळ्यावळ्यांची निर्वात डबी असो, नाही तर मोबाइलमधला सिलिकॉनचा इवलासा पडदा असो, तिघांचं काम एकच : हे वजन झेलायचं आणि किती झेललं ते सांगायचं. पाऱ्यात ते उंचीवर कळतं, डबीत चेपण्यावर, आणि सिलिकॉनचा पडदा वाकला की त्यावरच्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून.

आता पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. अलिबागच्या माणसाच्या डोक्यावर जी हवा असते, तिच्यातला खालचा ५६० मीटरचा थर आपल्या डोक्यावर नाहीच, तो पायाखाली राहिला. तेवढं वजन यंत्राला कसं जाणवणार? शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातला, म्हणजे हवामान खात्याचा स्वतःचा बॅरोमीटरसुद्धा अशा वेळी ९४४च्या आसपासच दाखवत असतो. नागपुरात हा फरक पस्तीसच्या जवळपास येतो आणि महाबळेश्वरला १४०च्या पुढे जातो.

मग खातं १००६ का छापतं? कारण नकाशावर सगळी गावं एका पातळीवर आणल्याशिवाय कमी दाबाचं क्षेत्र दिसतच नाही. मोजलेले आकडे तसेच नकाशावर टाकले तर समदाब रेषांऐवजी सह्याद्रीचा घाटमाथा उमटेल. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या दाबात पायाखालच्या त्या काल्पनिक हवेचं वजन मिळवतात आणि "समुद्रसपाटीचा दाब" काढतात. घरगुती यंत्रांच्या ॲपमध्ये यालाच "सापेक्ष दाब" म्हटलेलं असतं आणि मोजलेल्याला "निरपेक्ष दाब". ॲप उघडून आधी यातला कोणता दिसतोय ते बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मुलाला मी इंटरनेटवर सगळीकडे सापडणारं सूत्र दिलं : उंचीला ४४३३०ने भागा, उत्तर १मधून वजा करा, त्याचा ५.२५५वा घात काढा आणि मोजलेल्या दाबाला त्याने भागा. ५६० मीटरला तो भाजक ०.९३५४ येतो. ९४४ला त्याने भागलं की १००९.

संध्याकाळी पोरगा परत हजर. "काका, आता तीन जास्त येतायत."

फरक तीन-चारचा, आणि उन्हात वाढणारा

या प्रश्नाने मी स्वतः एक अख्खा उन्हाळा डोकं खाजवलंय. त्या सूत्रात एक गोष्ट गुपचूप धरलेली असते : समुद्रसपाटीला तापमान १५ अंश. युरोपातल्या वसंतात ठीक आहे, पण मे महिन्यातल्या पुण्यात १५ अंश फक्त फ्रिजच्या आसपास! गरम हवा विरळ, विरळ हवा हलकी. त्यामुळे पायाखालच्या त्या काल्पनिक थराचं वजन हे सूत्र जास्त धरतं आणि उत्तर फुगतं. भर दुपारी ते चारनेही फुगू शकतं, डिसेंबरच्या पहाटे जवळपास बरोबर येतं. म्हणून फरक ऊन-थंडीप्रमाणे बदलत असेल तर तो सेन्सरचा दोष नव्हे, सूत्राचा आहे.

उपाय सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिला ०.०३४२ने गुणा आणि केल्विनमधल्या तापमानाने भागा. जो आकडा येईल तो 'ई'चा (म्हणजे २.७१८ या संख्येचा) घात धरून आलेल्या उत्तराने मोजलेल्या दाबाला गुणा. तापमान म्हणून आत्ताचं आणि बारा तासांपूर्वीचं यांची सरासरी घ्या, नाही तर दुपारच्या तापलेल्या गच्चीचा आकडा सगळं बिघडवतो. पुण्यासाठी त्यात आणखी दोनेक अंश मिळवा, कारण पायाखालचा थर आपल्यापेक्षा थोडा गरम असणार. मुलाच्या बाबतीत हे २९ अंश आलं, म्हणजे ३०२ केल्विन. उत्तर १००५.८. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इथेच आणखी एक सापळा आहे. अनेक हवामान संकेतस्थळं जवळच्या विमानतळाचा आकडा उचलतात. पुण्यात म्हणजे लोहगावचा. वैमानिकांना दिला जाणारा आकडा मुद्दाम त्या १५ अंशवाल्या प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने काढतात, कारण विमानातला उंचीमापकही त्याच हिशेबाने बनवलेला असतो. धावपट्टीवर उभ्या विमानाला स्वतःची उंची बरोबर दिसली पाहिजे, एवढंच त्या आकड्याचं काम. शिवाय तो पूर्णांकात देतात, वरचा अपूर्णांक सोडून. त्यामुळे हवामान नकाशावर १००६ आणि विमानतळाच्या नोंदीत १००९, आणि दोन्ही बरोबर, असं होऊ शकतं. तुम्ही कुणाशी ताडून बघताय ते आधी ठरवा.

फरक सातच्या आसपास, दिवसभर ठाम

हा माझा आवडता दोष, कारण तो यंत्रात नसतो आणि हवेतही नसतो. उंची कुठून घेतलीत? मोबाइलच्या जीपीएसवरून? मग गडबड तिथे आहे. उपग्रहावरून काढलेली उंची मुळात पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते, खऱ्या समुद्रसपाटीपासून नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा मोठा खड्डा आहे. तिथे समुद्रसपाटी या गणिती आकाराच्या शंभर मीटरहून जास्त खाली जाते. महाराष्ट्र त्या खड्ड्याच्या उतारावर बसलाय, म्हणून आपल्याकडे हा फरक साठ मीटरच्या पुढे जातो. बरीच ॲप्स ही दुरुस्ती स्वतः करतात, काही करत नाहीत. जुहूच्या वाळूत उभं राहून फोनने "उणे ६० मीटर" दाखवलं असेल तर कारण हेच.

पुण्यात साठ-पासष्ट मीटरची चूक म्हणजे सात हेक्टापास्कल. उपाय : भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरची उंची घ्या, नाही तर जवळच्या रेल्वे स्टेशनाच्या पाटीवरची. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली जी उंची लिहिलेली असते ती समुद्रसपाटीपासूनचीच असते. तिथून आपल्या घरापर्यंतचा चढ-उतार आणि आपला मजला मिळवा. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर बारा मीटर विसरू नका.

"सकाळी बरोबर होतं, दुपारी बिघडलं"

ही ट्रेकवाल्यांची कायमची ओरड. दाबावर उंची सांगणारं महागडं घड्याळ. सकाळी दहाला राजगडावर पद्मावती माचीवर उंची नीट लावून घेतली. चार वाजता त्याच दगडावर बसलं तर घड्याळ पस्तीस मीटर जास्त सांगतंय. रात्री दहाला पुन्हा खाली आलं आणि पहाटे चारला गड झोपेत पंधरा-वीस मीटर वाढला!

घड्याळ निर्दोष आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला शिखर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला तळ. दुपारची घसरण मोठी, आपल्याकडे साडेतीन-चार हेक्टापास्कलची, उन्हाळ्यात कधी जास्तही. समुद्राची भरती चंद्रामुळे येते, ही मात्र सूर्यामुळे : तो वरच्या थरातला ओझोन आणि खालचं बाष्प तापवतो, आणि त्या तापण्याने सगळ्या वातावरणात लाटा उठतात. चंद्राचा वाटा इतका नगण्य की घरगुती यंत्राला तो दिसायचाही नाही. युरोपात ही लाट लहान असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांत हरवून जाते. तिकडच्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख नसतो आणि आपण घड्याळ परत करायला दुकानात जातो.

गडाच्या उंचीवर एक हेक्टापास्कल म्हणजे साधारण दहा मीटर, पुण्यात नऊ-सव्वानऊ. म्हणून उपाय एकच : ज्या ठिकाणाची उंची पक्की माहीत आहे तिथे घड्याळ पुन्हा लावायचं. पायथ्याचं गाव, खिंड, माथा. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, तोरणा १४०३. मुक्कामाला झोपताना घड्याळ "उंची" ऐवजी "दाब" दाखवण्यावर ठेवा. रात्रभर जागेवर असलेल्या माणसाला उंची बदलण्याचं काही कारण नाही, पण हवा बदलतेय का हे कळलेलं बरं.

याच लाटेमुळे "बॅरोमीटर खाली आलाय, पाऊस येणार" हा दुपारचा अंदाज रोज चुकतो. रोजच्या दुपारी बॅरोमीटर खाली येतोच. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. हवामान खातंही चोवीस तासांतल्या बदलाचे नकाशे याचसाठी काढतं. काल त्याच वेळेपेक्षा तीन-चारने कमी असेल तर कान टवकारा. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा त्याच्या केंद्रात दाब ९८४पर्यंत उतरला होता. असा खड्डा जवळून जातो तेव्हा रोजची लाट त्यात बुडून जाते. पण जुलैतला नेहमीचा झिमझिम पाऊस येतो-जातो, काटा ढिम्म हलत नाही. त्यासाठी काट्याला दोष देऊ नका.

खरोखरच यंत्राचे दोष

आता उरलेल्या दोघा-तिघांकडे. आकडा ७०८ किंवा २७.९ असा असेल तर एकक बदललंय, पाऱ्याचे मिलिमीटर नाही तर इंच. सेटिंगमध्ये जा, विषय संपला.

आकडा तासन् तास हलतच नसेल, किंवा पोहून आल्यावर घड्याळ भलतंच काही सांगत असेल, तर हवेचं भोक बंद आहे. पाण्यापासून सुरक्षित घड्याळांत आणि फोनमध्ये या भोकामागे एक झिल्ली असते. घाम, मीठ, क्रीम तिथे साचतं. गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा आणि सुकू द्या. टाचणी मात्र घालू नका, झिल्ली फाटली की यंत्र गेलं.

आकडा अर्ध्या-पाऊण हेक्टापास्कलने थरथरत असेल तर वारा. सेकंदाला दहा मीटरचा वारा थेट भोकावर आला तर साधारण तेवढाच जादा दाब देतो. सेन्सर घरातच ठेवा. तापमानाचा सेन्सर बाहेर हवा, दाबाच्या सेन्सरला खोलीत काही अडत नाही, कारण खिडकीच्या फटींतून आतला आणि बाहेरचा दाब सारखाच राहतो. फक्त पंख्याखाली नको आणि उन्हात तर नकोच. या चिपा उजेडालाही बिचकतात.

चिपवाल्यांसाठी थोडं वेगळं. बीएमपी २८० या दाब मोजणाऱ्या चिपमधून आधी तापमान वाचायचं असतं आणि मगच दाब, कारण दाबाची दुरुस्ती त्या तापमानावर चालते. स्वतः कोड लिहिताना हा क्रम चुकला की सहाशे, अकराशे असे काहीच्या बाही आकडे येतात. ओळखक्रमांकही तपासा : षोडशमान पद्धतीत ५८ आला तर बीएमपी, ६० आला तर आर्द्रताही मोजणारी बीएमई. दुसरी म्हणून पहिली विकणारे कमी नाहीत, आणि मग आर्द्रता शून्य का येते म्हणून रात्र जाते. चिप वायफायच्या मॉड्यूलला चिकटवून बंद डबीत ठेवली तर ती पाच अंशांनी गरम होते. दाब फारसा बिघडत नाही, पण तेच तापमान समुद्रसपाटीच्या हिशेबात वापरलं तर एक हेक्टापास्कल गेला.

आजोबांचा बॅरोमीटर

आमच्याकडे पितळी चौकटीचा एक जुना बॅरोमीटर आहे, डबीवाला. शाळेच्या भाषेत निर्द्रव वायुभारमापक. रत्नागिरीच्या घरातून तो पुण्यात आला आणि काटा घसरून २८ इंचांवर, थेट "वादळ" या शब्दावर जाऊन बसला. बाहेर लख्ख ऊन. मी तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एकाकडे नेला. त्याने मागचा स्क्रू फिरवून काटा ३० इंचांवर, "छान हवा"वर आणून दिला, वर म्हणाला, आता एकदम नवीन. महिना होता जुलै. समुद्रसपाटीचा दाब तेव्हा १००६च्या आसपास, म्हणजे २९.७ इंच. त्याने दहा हेक्टापास्कल जास्त लावून दिला होता आणि पुढचे दोन महिने मुसळधार पावसात आमची भिंत "छान हवा" सांगत होती.

तबकडीवरचे शब्द विसराच. ते ब्रिटनसारख्या हवेसाठी लिहिलेत, जिथे काटा आठवड्याभरात इंचभर फिरतो. आपल्याकडे जानेवारी ते जुलै मिळून जेमतेम दहा हेक्टापास्कल, म्हणजे तिसरा हिस्सा इंच. स्क्रू फिरवणं मात्र चूक नाही. पाव फेऱ्याहून कमी फिरवा, काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा, पाच मिनिटं थांबा, मग वाचा. टिचकी मारल्यावर काटा दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर सांध्यात कचरा आहे. आणि काटा हळूहळू एकाच दिशेला, महिनोन् महिने, उतरत राहिला तर डबीत हवा शिरली, असं समजा. डबी बदलण्याखेरीज इलाज नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फोर्टिनच्या, म्हणजे पाऱ्याच्या नळीच्या बॅरोमीटरबद्दल दोनच शब्द. पारा गरमीने फुगतो, आणि आपल्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण प्रमाणापेक्षा थोडं कमी आहे. पुण्यात ३० अंशांना पहिल्यासाठी साडेतीन आणि दुसऱ्यासाठी दीड मिलिमीटर वजा करावे लागतात. ते न केल्यास साडेसहा हेक्टापास्कल जास्त येतात. यंत्राला स्वतः हात लावू नका, पारा सांडला तर निस्तरणं अवघड.

जिन्याची चाचणी, आणि मगच दुरुस्ती

यंत्र खरंच मोजतंय का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, जिना पुरतो. तळमजल्यावर आकडा घ्या, पाचव्या मजल्यावर जा, पुन्हा घ्या. पंधरा मीटरला पुण्यात १.६ हेक्टापास्कल कमी व्हायला हवेत. झाले, की पडदा, कोड, एकक सगळं ठीक. जमलं तर दुसरा फोन खालीच ठेवून कुणाला तरी त्याच्याकडे बघत बसवा. १६४८च्या सप्टेंबरात पास्कालच्या मेहुण्याने, पेरियेने, फ्रान्समधल्या पुई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी चढवली तेव्हा त्यानेही दुसरी नळी खाली मठाच्या बागेत ठेवली होती आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. वरची सुमारे ८५ मिलिमीटरने उतरली, खालची जागची हलली नाही. म्हणून तर ती उतरण डोंगरामुळे आहे, हवा बदलल्यामुळे नाही, हे सिद्ध झालं.

जिन्यात पास झालं, उंची खरी, तापमानाचं सूत्र बरोबर, आणि तरीही एक-दोनचा फरक दिवसरात्र ठाम राहतोय? तो खरा यंत्राचा फरक. चिप बोर्डवर जोडताना डाखणाच्या उष्णतेने तिचा शून्य तेवढा सरकतो, आणि वर्षभरात आणखी एखादा हेक्टापास्कल सरकू शकतो. सकाळी साडेआठच्या सरकारी निरीक्षणाशी आठवडाभर ताडा, सात दिवसांच्या फरकांची सरासरी काढा आणि तेवढीच दुरुस्ती टाका. एका दिवसाच्या आकड्यावर, त्यातही मेच्या दुपारी, कधीही नाही.

त्या मुलाची दुरुस्ती उणे १.३ आली. "अधिक ६२" त्याने कोडमधून काढून टाकलंय. आता विचारतोय, आर्द्रता ११० टक्के कशी येते.